हात तिथे गेलाच का? कन्व्हेयर बेल्टची तपासणी, कामगाराच्या बाजूने

मागच्या उन्हाळ्यात सोलापूरजवळच्या एका डाळ मिलमध्ये बेल्ट बघायला गेलो होतो. मालकांनी मोठ्या कौतुकानं सगळं दाखवलं. मोटर नवी, गिअरबॉक्स नवा, फ्रेमला ताजा हिरवा रंग. मागच्या ड्रमला, म्हणजे ज्याला आम्ही टेल पुली म्हणतो त्याला, जाळीही होती. पण जाळीचा खालचा एक कोपरा वर वाकवलेला होता, मनगट आत जाईल एवढा. शेजारी भिंतीला दांडा तुटलेला आखूड खराटा टेकवून ठेवलेला.

झाडणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, खराटा आत घालता का?"

"घालावाच लागतो की. डाळ साठली की ड्रम घासतो."

"बेल्ट बंद करून?"

"बंद केला की वरडतेत. चालूमधीच घालते."

रजिस्टर मागवलं. त्या बेल्टपुढे महिनाभर रोज एकच शब्द: ओके. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. त्यानं खरंच मोटर बघितली होती, आवाज ऐकला होता, जॉइंट तपासला होता. त्याच्या तक्त्यात जे रकाने होते ते सगळे ठीकच होते. मावशींच्या हाताचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

मी पंचवीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, आधी फिटर म्हणून, मग फोरमन म्हणून. आता अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत हेच शिकवायला जातो. बेल्ट तपासताना मी एकच प्रश्न धरून चालतो: या जागी आज कुणाचा हात जायला काही कारण आहे का? बाकीची सगळी तपासणी या प्रश्नाच्या पोटात येते. कशी, ते सांगतो.

चरकातला ऊस

आधी बेल्ट माणसाला पकडतो कसा ते समजून घेऊ. रसवंतीवर चरकात ऊस घालताना पाहिलाय ना? उसाचं टोक दोन रुळांच्या मधल्या फटीत लागलं की पुढे ढकलावं लागत नाही, चरकच ऊस ओढून घेतो. बेल्ट जिथे ड्रमवर चढतो तिथे अशीच फट असते. एका बाजूनं फिरता ड्रम, दुसऱ्या बाजूनं येणारा पट्टा, दोघांची दिशा आतली. कारखान्यात तिला पिंच पॉइंट म्हणतात, मी चिमटा म्हणतो.

बेल्ट हळू चालतो म्हणून माणसं निर्धास्त असतात. सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. सकाळी सिद्धेश्वर तलावाभोवती फिरायला येणारी माणसं याहून भरभर चालतात. सेकंदाला दीड मीटर हा वेगही बघायला फार वाटत नाही. पण बाही अडकली, दचकलो, काय झालं ते डोक्यात शिरलं आणि हात मागे घ्यायचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचला, यात अर्धा सेकंद सहज जातो. तेवढ्यात दीड मीटरवाला बेल्ट पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. आपल्याच हाताची लांबी बोटाच्या टोकापासून खांद्यापर्यंत टेपनं मोजून बघा. जवळपास तेवढीच भरते.

आता ताकदीचं. ५ अश्वशक्तीची मोटर सोलापुरात कुठेही दिसेल, आपल्याला ती लहान वाटते. ती बेल्टला सेकंदाला १ मीटर वेगानं ओढत असेल तर हिशेबानं सुमारे ३८० किलोची ओढ देऊ शकते. गिअरबॉक्समधली घट धरली तरी साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे अडकलेला हात ओढून काढणं एकट्यालाच काय, चार जणांनाही जमत नाही. त्यात रबराची पकड वेगळीच. बैलाचं दावं खांबाला दोन-तीन वेढे देऊन धरलं की लहान पोरालाही बैल रोखून धरता येतो, कारण वेढ्यांमुळे ओढ खांबावर जाते. रबर चढवलेल्या ड्रमभोवती बेल्टचा अर्धा वेढा असला तर एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूच्या सुमारे तिप्पट होईपर्यंत तो घसरत नाही. या पकडीवरच बेल्ट चालतो. हात सापडला की तो त्याच पकडीत सापडतो.

चिमटे कुठे कुठे असतात? मागचा ड्रम, पुढचा ड्रम, बेल्ट ताणून धरणारी टेक-अप पुली, ड्रमला जास्त वेढा बसावा म्हणून लावलेली लहान स्नब पुली, आणि हाताच्या उंचीवर येणारे खालच्या बाजूचे रोलर. वरच्या बाजूच्या रोलरपाशी बेल्ट थोडा उचलला जाऊ शकतो, म्हणून धोका त्या मानानं कमी. पण हॉपरच्या, म्हणजे बेल्टवर माल सोडणाऱ्या नसराळ्याच्या खाली, जिथे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि मालाचं वजन बेल्टला दाबून धरतात, तिथे तो उचलला जात नाही. तिथला साधा रोलरसुद्धा ड्रमइतकाच घातक. हे पुष्कळ अनुभवी माणसांनाही माहीत नसतं.

सांडलेला माल वाचायला शिका

बेल्टवरचे जे अपघात मी जवळून पाहिले, त्यांतले बहुतेक माल वाहताना झालेले नव्हते. कुणी खाली झाडत होतं, कुणी ड्रमला चिकटलेला गाळ सळईनं खरवडत होतं, कुणी अडकलेलं पोतं सरळ करत होतं, कुणी ग्रीस मारत होतं. सगळी कामसू माणसं. काम थांबू नये म्हणूनच त्यांनी हात घातला होता.

म्हणून तपासणीची सुरुवात मी वरून नाही, जमिनीपासून करतो. बेल्टच्या खाली काय पडलंय? कुठे पडलंय? किती? सांडलेला माल तुम्हाला बिघाड कुठे आहे ते दाखवतो.

हॉपरच्या दोन्ही बाजूंना सारखी रेघ पडली असेल तर बाजूची रबरी पट्टी, म्हणजे स्कर्ट, झिजलेली आहे. आपल्याकडे एक सर्रास चूक होते: जुन्या बेल्टचे तुकडे कापून स्कर्ट म्हणून लावतात. फुकटात काम होतं, पण बेल्टच्या आत कापडाचे थर असतात. ते आणि त्यात रुतलेले खडे चालत्या बेल्टला घासत राहतात. चार महिन्यांत बेल्टवर दोन्ही बाजूंना चर पडतो आणि त्या चरातून माल आणखी सांडतो. स्कर्टला मऊ, कापड नसलेलं रबरच लागतं.

एकाच बाजूला ढीग असेल तर माल बेल्टच्या मध्यावर पडत नाहीये, किंवा बेल्ट सरकून चालतोय. परतीच्या बाजूला, प्रत्येक खालच्या रोलरखाली छोट्या छोट्या ढिगल्या असतील तर पुढच्या ड्रमवरचा स्क्रेपर, म्हणजे बेल्ट खरवडणारी पट्टी, झिजलाय. बेल्टला चिकटलेला माल खाली येतोय आणि रोलरवर झटकला जातोय. आणि मागच्या ड्रमखाली ढीग असेल तर सावध व्हा, कारण तिथून एक चक्र सुरू होतं. ढीग वाढला की माल ड्रम आणि बेल्टच्या मध्ये शिरतो, ड्रमवर थर बसतो, थर एका बाजूला जाड झाला की बेल्ट सरकतो, सरकला की कडेनं आणखी सांडतो. मग कुणाला तरी सळई घेऊन तिथे पाठवावं लागतं.

सळई घेऊन जाणाऱ्याला "नीट काम कर" म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही. स्क्रेपर बदलला तर सळईची गरजच संपते.

बेल्ट सरकण्याबद्दल एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: रोलरच्या ज्या टोकाला बेल्ट आधी लागतो, त्या टोकाकडे तो सरकतो. रोलर एका बाजूनं किंचित पुढे, म्हणजे बेल्ट जातो त्या दिशेला, आलेला असेल तर बेल्ट उलट, मागे राहिलेल्या टोकाकडे जातो, कारण चालत येताना तेच टोक आधी लागतं. सेटिंग करताना मात्र अडचण येते. बेल्ट चालवल्याशिवाय सेटिंग कळत नाही. इथे "बंद करूनच हात लावा" एवढं सांगून भागत नाही, कामगार मनातल्या मनात हसतो. उपाय आधीच करून ठेवावा लागतो: सेटिंगचे बोल्ट लांब घेऊन जाळीच्या बाहेर काढायचे. ग्रीस भरायची तोंडं, म्हणजे निपलही तसेच, पातळ नळी जोडून जाळीबाहेर एका पट्टीवर ओळीनं आणायचे. खर्च किरकोळ आहे. यामुळे फिटरला जाळी खोलायचं कारणच उरत नाही.

जाळी स्वतःच बोलते

जाळी आहे की नाही हे बघणं पहिली पायरी. पुढे बघायचं ते असं.

बोल्ट मोजा. चार भोकं आणि दोनच बोल्ट असतील तर ती जाळी वरचेवर खोलली जातेय. बोल्टच्या जागी बाइंडिंग वायर असेल तर रोज खोलली जातेय. का खोलतात ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा वर सांगितलेल्यांपैकीच एक निघतं.

जाळीचं अंतर मोजा. भोक जेवढं मोठं, तेवढी जाळी चिमट्यापासून लांब हवी. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३८५७ मध्ये याचे तक्ते आहेत. २० मिलिमीटरपर्यंतचं चौकोनी भोक असेल तर चिमटा किमान १२० मिलिमीटर आत हवा, कारण त्यातून बोटं जातात. लांबट फट ३० मिलिमीटरची झाली तर अंतर एकदम ८५० मिलिमीटर लागतं, कारण मग अख्खा दंड आत जाऊ शकतो. मावशींच्या जाळीचा वाकवलेला कोपरा यासाठीच मला टोचला. बाकीची जाळी कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग त्या कोपऱ्यापाशी संपला होता. आपल्याकडे कन्व्हेयरच्या सुरक्षेसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ७१५५. ज्यांच्याकडे मोठे बेल्ट आहेत त्यांनी ते मागवून वाचावंच.

पत्र्याच्या गार्डपेक्षा जाळी बरी असं माझं मत आहे. पत्र्याआड काय चाललंय ते दिसत नाही आणि बघायला म्हणून माणूस पत्रा काढतो.

आणखी एक खूण. फ्रेमवर रंग कुठे घासून चकचकीत झालाय ते बघा. तिथे हात टेकवून माणसं बेल्टखालून वाकून जातात किंवा वरून ओलांडतात. पलीकडे पाण्याचा माठ असतो, मुतारी असते, नाहीतर सुपरवायझरचं टेबल. फिरून जायला दीडशे पावलं लागत असतील तर दिवसातून दहा वेळा कुणी फिरून जाणार नाही. तिथे पायऱ्यांचा पूल बांधा, किंवा माठ अलीकडे आणा. माठ हलवणं स्वस्त पडतं.

रोलर: कानानं आणि नाकानं

१०० मीटरचा बेल्ट धरा. वरच्या बाजूला दर १.२ मीटरला तीन रोलरचा एक संच, म्हणजे जवळपास अडीचशे रोलर. खाली दर ३ मीटरला एक, म्हणजे तेहेतीस. प्रत्येकात दोन बेअरिंग. साडेपाचशेहून जास्त बेअरिंगपैकी एखादं रोज कुरकुरणारच.

चालता चालता ऐका. कुरकुर म्हणजे बेअरिंग जातंय. एकदम शांत आणि न फिरणारा रोलर त्याहून वाईट. अडकलेल्या रोलरवरून बेल्ट रात्रंदिवस घासत जातो, रोलरचं नळकांडं झिजून फाटतं आणि त्याची कड विळ्यासारखी धारदार होते. ती बेल्ट चिरते आणि साफ करणाऱ्याचा हातही. तपासायला हात लावायचा नाही, लांबून तापमान दाखवणारी गन आता कुठेही मिळते. शेजारच्या रोलरपेक्षा एखादा बराच गरम लागला तर खडूनं नव्हे, रंगानं खूण करा आणि बेल्ट बंद झाल्यावर बदला.

नाकाचं काम इथे येतं. जळक्या रबराचा वास आला की कारण सापडेपर्यंत बेल्ट थांबवा. घर्षणानं बेल्ट पेटतो ही पुस्तकी गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या क्रेसवेल कोळसा खाणीत २६ सप्टेंबर १९५० रोजी फाटलेल्या बेल्टचा भाग माल पडायच्या ठिकाणी अडकला, घर्षणानं पेटला, आणि ८० माणसं गेली. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांत बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, बेल्टवरून जातो, सूतगिरण्यांत रुईची धूळ उडते. दोन्ही ठिणगीची वाट बघत असल्यासारखी. गळीत हंगामात दिवसरात्र गाळप चालू असतं, तेव्हा रोलरखालची बगॅसची धूळ दर पाळीला हटली पाहिजे, आणि ती हटवायला बेल्ट थांबवायची वेळ पाळीच्या वेळापत्रकातच धरलेली पाहिजे.

साखर कारखान्याचं निघालं म्हणून सांगतो: ज्या गव्हाणीत मोळी टाकून हंगाम सुरू होतो, ती रबरी बेल्ट नसते, साखळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांची असते. तिथले चिमटे साखळी आणि दातेरी चाकाच्या मध्ये. पण प्रश्न तोच. अडकलेली मोळी काढायला कोण उतरतं, आणि तेव्हा गव्हाण खरंच बंद असते का?

दोरी ओढून बघितली का?

लांब बेल्टच्या कडेनं एक दोरी बांधलेली असते, पुल कॉर्ड. ती ओढली की बेल्ट थांबायला हवा. फताटेवाडीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र असो नाहीतर चाळीस मीटरचा सिमेंटच्या पोत्यांचा बेल्ट, जिथे जिथे माणूस बेल्टलगत चालतो तिथे तिथे ती हवी. दोन्ही बाजूंनी चालतो तर दोन्ही बाजूंनी.

तपासणी म्हणजे दोरीकडे बघणं नाही, ती ओढणं. आठवड्यातून एकदा, प्रत्येक स्विच वेगवेगळा. दोरी ढिली पडलेली असते, कुणी तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला असतो, डबा टांगलेला असतो, कडी गंजलेली असते. हातभर ओढली तरी स्विच पडत नाही. ओढल्यावर स्विच पडलेलाच राहिला पाहिजे आणि हातानं परत बसवल्यावरही बेल्ट आपोआप सुरू होता कामा नये. सुरू व्हायचा तो फक्त स्टार्टचं बटण दाबल्यावर, तेही आधी भोंगा वाजवून. सोलापूरला भोंग्याचं महत्त्व सांगायला नको, एके काळी गिरणीच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लागायची. बेल्टचा भोंगा वाजल्यावर बेल्टपाशी असलेल्याला बाजूला व्हायला पुरेसे सेकंद मिळाले पाहिजेत.

यानंतरची चाचणी माझी आवडती. बेल्ट बंद असताना त्याच्या कडेवर रंगाची एक खूण करा. रिकामा बेल्ट चालू करा. खूण एका ठरलेल्या खांबापाशी आली की सहकाऱ्यानं दोरी ओढायची. बेल्ट थांबल्यावर खूण खांबापासून किती पुढे गेली ते मोजायचं आणि तारखेसह लिहायचं. जानेवारीत सव्वा मीटर आणि एप्रिलमध्ये दोन मीटर असेल तर ब्रेक किंवा आणखी काहीतरी बिघडतंय. पण या मोजणीतून मोठी गोष्ट उमगते ती वेगळीच. दोरी ओढल्यानंतरही बेल्ट मीटरभर चालतो. म्हणजे चिमट्यात सापडलेल्या हाताला दोरी वाचवत नाही, पुढची हानी कमी करते एवढंच. "पुल कॉर्ड आहे, जाळी कशाला?" असं मला दोन ठिकाणी विचारलं गेलंय. दोन्ही ठिकाणी मी ही खूण मोजून दाखवली.

आणि लाइटीचं. आपल्याकडे लाइट जाते आणि येते. गेली की माणसं "चला, आता साफ करू" म्हणून बेल्टपाशी जातात, हे स्वाभाविक आहे. लाइट आल्यावर बेल्ट स्वतःहून सुरू होतो का हे कधी तपासलंय? साध्या पुश-बटणाच्या स्टार्टरवर तो सुरू होत नाही, आतला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर सुटलेला असतो. पण कुणी जुगाड करून साध्या स्विचवर मोटर जोडली असेल किंवा पॅनेल ऑटोवर असेल तर होतो. बेल्टपासून सगळ्यांना लांब करा, मेन पाडा, मिनिटभरानं परत चढवा आणि बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

स्वतःचं कुलूप

बेल्टवर काम करायचं असेल तर स्टॉपचं बटण पुरेसं नाही, कारण दुसऱ्या टोकाचा माणूस स्टार्टचं बटण दाबू शकतो. मेन आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, खाली पाडायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. तिघे काम करत असतील तर तीन कुलपं. पाटीवर नाव आणि वेळ. एवढं झालं की एक गोष्ट राहते आणि तीच लोक विसरतात: स्टार्टचं बटण दाबून बघायचं. चुकून शेजारच्याच बेल्टचा आयसोलेटर पाडलेला असू शकतो.

वीज गेली तरी बेल्टमध्ये जोर शिल्लक असतो. चढावरचा भरलेला बेल्ट मागे धावू शकतो. तो रोखणारा होल्डबॅक शाबूत आहे का हे तपासणीत हवंच. टेक-अपला टांगलेलं वजन खाली येऊ शकतं, त्याच्याखालची जागा कुंपणानं बंद हवी आणि काम करण्याआधी ते वजन साखळीनं बांधलेलं हवं.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर आपल्याच कायद्यात बघा. १८७० च्या दशकापासून सोलापुरात कापड गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्या काळच्या गिरण्यांत छताजवळच्या लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी प्रत्येक मागाला गती मिळायची. पट्टा चढवताना-उतरवताना हात जाणं हे गिरणी कामगाराच्या पिढ्यांनी भोगलेलं दुखणं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ते दिसतं. कलम २१ यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालायला सांगायचं. कलम २२ नुसार चालत्या यंत्रापाशी तपासणी किंवा तेल घालण्याचं काम खास शिकवलेल्या, अंगासरसे कपडे घातलेल्या माणसानंच करायचं, ते कपडे मालकानं द्यायचे, त्याचं नाव रजिस्टरमध्ये असावं लागायचं, आणि १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद पट्ट्याला चालत्या पुलीपाशी त्यानंही हात लावायचा नाही. कलम २४ म्हणायचं की वीज तोडणारं साधन चुकून चालू होण्याजोगं असेल तर ते बंद स्थितीत कुलूपबंद करायची सोय हवी. म्हणजे कुलपाची गोष्ट आपल्याच कायद्यात होती. आता त्या अधिनियमाच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आली आहे. गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटली तर ते मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क तिच्यात कामगाराला दिलेला आहे.

गळ्यातला नॅपकीन

सोलापूर टॉवेल विणणारं गाव. इथे कामगाराच्या गळ्यात नॅपकीन नाही असं होत नाही, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की तो ओला करून मानेभोवती गुंडाळल्याशिवाय पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नाही. त्याच नॅपकीनचं टोक वाकलेल्या माणसाच्या छातीवरून खाली लोंबतं, थेट रोलरपाशी. साडीचा पदर, ओढणी, बांधलेली नसलेली वेणी, सैल बाही, बोटातली अंगठी, मनगटातला गंडा, सगळ्यांचं तेच. गंड्याबद्दल बोलताना मी आवाज खाली ठेवतो, ती श्रद्धेची गोष्ट आहे. पण पाळीपुरता दंडावर वर सरकवून बाहीखाली घ्या एवढं सांगतो, आणि लोक ऐकतात.

नॅपकीन काढा म्हणून फलक लावला तर उकाड्यानं तो फलक हरतो. मागे झालर असलेली टोपी द्या, वारा द्या, थंड पाणी जवळ द्या, पदर आत राहील असा कोट द्या. मग सांगा.

आणि सांगा ते त्यांच्या भाषेत. आपल्या कारखान्यांत एकाच पाळीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे असतात, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कंत्राटी कामगारही असतात. मराठीतली पाटी त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसेल तर ती भिंतीची शोभा. नवा माणूस कामावर आला की त्याला बेल्टच्या टोकापासून टोकापर्यंत चालवत नेऊन प्रत्येक चिमटा बोटानं दाखवा आणि दोरी त्याच्याच हातानं ओढायला लावा.

सापडलाच तर

दोरी ओढा, मेन पाडा. बेल्ट उलटा फिरवू नका. सुटेल असं वाटतं, पण हात पुन्हा त्याच चिमट्यातून चिरडत जातो. टेक-अपचा ताण सोडवून बेल्ट ढिला करा. तो कसा सोडवायचा हे आधीच दोघांना तरी माहीत हवं आणि पाने तिथेच टांगलेले हवेत. एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं गेटवर उभं राहून गाडी आत आणायची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. बोट तुटलं असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात घालू नका.

त्या डाळ मिलमध्ये मग काय केलं ते सांगायचं राहिलं. जुन्या बेल्टच्या तुकड्यांचा स्कर्ट काढून मऊ रबर बसवलं. हॉपरच्या तोंडाशी एक पत्रा तिरका लावला, डाळ मध्यावर पडायला लागली. जाळीचा खालचा भाग नवा केला, आणि मागच्या ड्रमखाली उतरता पत्रा टाकला, म्हणजे जे सांडेल ते घसरून जाळीबाहेर येईल. तक्त्यात एक रकाना वाढवला: "मागच्या ड्रमखाली किती?" भरणाऱ्यानं तो मावशींना विचारून भरायचा.

तीन आठवड्यांनी परत गेलो. मावशी म्हणाल्या, "आता जेवणाच्या सुट्टीला बेल्ट थांबतो, तवा एकदाच झाडते. आत घालायचं कामच न्हाई." खराटा नवा होता, लांब दांड्याचा. रजिस्टर उघडलं. त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं: अर्धं सूप.